मराठवाड्यातले दोन सप्टेंबर : लष्कर आणि मुलकी प्रशासन

मराठवाड्यातल्या शाळांमध्ये १७ सप्टेंबरला ध्वजवंदन होते. १९४८ मध्ये याच दिवशी निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली आणि हैदराबाद संस्थान भारतात विलीन होण्याचा मार्ग मोकळा झाला. त्यानंतर तेरा दिवसांनी, म्हणजे ३० सप्टेंबरला, किल्लारी आणि आसपासच्या गावांत लोक १९९३ च्या भूकंपात गेलेल्यांना श्रद्धांजली वाहण्यासाठी जमतात. पहिली घटना इतिहासाच्या पुस्तकात येते, दुसरी भूगोलाच्या. दोन्ही वेळा या भागात भारतीय लष्कर आले होते, आणि दोन्ही वेळा एकच प्रश्न उभा राहिला होता : लष्कराने आपले काम केल्यावर पुढचे काम कोणी करायचे?

या प्रश्नाकडे आपण सहसा लक्ष देत नाही. संकट आले की 'लष्कराला बोलवा' ही मागणी होते, जवान येतात, वर्तमानपत्रात छायाचित्रे छापून येतात आणि आपला जीव भांड्यात पडतो. लष्कर शिस्तीचे आहे, त्याच्याकडे माणसे, वाहने, पूल बांधण्याचे सामान आणि स्वतःचे दवाखाने आहेत, हे खरेच आहे. पण एखाद्या गावात कोण राहत होते, कोणाच्या घरात किती माणसे झोपली होती, कोणाचे शेत कोणते, विहीर कोणाच्या मालकीची, हे लष्कराला ठाऊक नसते. ते ज्यांना ठाऊक असते त्यांना आपण मुलकी प्रशासन म्हणतो. या दोघांची सांगड नीट बसली तर काय होते आणि बसली नाही तर काय होते, याची दोन उदाहरणे नांदेड, लातूर आणि धाराशिव या पट्ट्यात ४५ वर्षांच्या अंतराने घडली आहेत.

नाव पोलिसांचे, काम लष्कराचे

१३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय सैन्य सोलापूरकडून हैदराबाद संस्थानात शिरले. पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतले गेले. बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती लागला म्हणून रणगाड्यांना पुढे जाता आले. उमरगा, राजेश्वर, जहिराबाद असा हा रस्ता हैदराबादला जातो. दुसऱ्या बाजूने विजयवाड्याकडूनही सैन्य निघाले होते. पाचव्या दिवशी निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली आणि १८ सप्टेंबरला निजामाचे सेनापती एल एद्रूस यांनी चौधरींपुढे शरणागती पत्करली.

या मोहिमेला सरकारने 'पोलीस ॲक्शन' म्हटले, आणि मराठवाड्यातली जुनी माणसे अजूनही हाच शब्द वापरतात. रणगाडे आणि विमाने असलेल्या मोहिमेला पोलिसी नाव देण्यामागे कारण होते. हैदराबादने आपले प्रकरण संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीकडे नेले होते, आणि हा देशांतर्गत सुव्यवस्थेचा प्रश्न आहे अशी भारताची भूमिका होती. रझाकारांच्या अत्याचारांनी लोक हैराण झालेले होते. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा चालू होता आणि सरहद्दीवर कार्यकर्त्यांचे कॅम्प होते. त्यामुळे बहुसंख्य लोकांनी सैन्याचे स्वागत केले, यात शंका नाही.

पण पोलीस कारवाई म्हटली की तिच्यामागे ठाणे, फौजदार, कचेरी आणि न्यायालय असावे लागते. इथे ते नव्हते. मोहीम अपेक्षेपेक्षा फारच लवकर संपली. सैन्य रस्ता धरून राजधानीकडे वेगाने गेले. जुन्या राजवटीचे अव्वल तालुकदार (आपल्या भाषेत कलेक्टर), तहसीलदार आणि पोलीस यांच्यापैकी काही पळाले, काही पकडले गेले, आणि जे राहिले त्यांचा हुकूम मानायला कोणी तयार नव्हते. नवे अधिकारी आणि पोलीस मुंबई, मध्य प्रांत आणि मद्रास या शेजारच्या प्रांतांतून आणावे लागले. त्यांच्यापुढचे दप्तर उर्दूत होते आणि मुलूख अनोळखी. जुनी सत्ता गेली आणि नवी अजून पोचली नाही, असे कित्येक दिवस अनेक गावांनी आणि गंजांनी पाहिले.

त्या दिवसांत काय घडले याचा तपास करण्यासाठी पंडित नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना पाठवले. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये ते सोळापैकी नऊ जिल्ह्यांत फिरले. त्यांनी रझाकारांच्या आधीच्या अत्याचारांची नोंद केली. त्यानंतर सूडाच्या लाटेत मुसलमानांच्या ज्या हत्या झाल्या त्यांचा अंदाज त्यांनी २७ ते ४० हजार असा दिला. सर्वांत जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना बसली होती. लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यात होते. रझाकारांचा नेता कासिम रझवी तिथेच वकिली करीत असे. लातुरात ही हिंसा कित्येक दिवस चालू राहिल्याचे अहवाल सांगतो. काही ठिकाणी सैन्यातील आणि पोलिसांतील माणसांचा यात हात होता, तर काही ठिकाणी अधिकाऱ्यांनी लोकांना वाचवले, अशा दोन्ही प्रकारच्या नोंदी त्यात आहेत. हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमान कुटुंबांना आसरा दिल्याच्याही आहेत. हा अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला आणि त्यातील आकड्यांविषयी अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. मात्र सैन्य पुढे गेल्यावर मागे जी पोकळी राहिली तिची किंमत निरपराध माणसांनी मोजली, हे आकड्यांच्या वादापलीकडचे आहे.

यानंतर जनरल चौधरी लष्करी गव्हर्नर झाले आणि त्यांच्या हाताखाली डी. एस. बखले हे मुलकी सेवेतील अधिकारी मुख्य मुलकी प्रशासक म्हणून आले. वर्दीतला प्रमुख आणि त्याखाली कचेरीतली माणसे, अशी ही जोडी होती. या राजवटीत १९४९ मध्ये जहागिरी रद्द करण्याचा मोठा निर्णय झाला. पण जमिनीची मोजणी, वसुली आणि हक्कनोंद ही कामे जवानांची नव्हेत, हे लगेच दिसून आले. १९४९ अखेर लष्करी राजवट संपली, जानेवारी १९५० पासून एम. के. वेल्लोडी हे सनदी अधिकारी मुख्यमंत्री झाले आणि १९५२ च्या निवडणुकीनंतर लोकनियुक्त सरकार आले. पुढे १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला तेव्हा दक्षिण विभागाचे लष्करी प्रमुख हेच चौधरी होते. गोव्यात मात्र लष्करी गव्हर्नरची राजवट सहा महिन्यांच्या आतच संपली.

जाता जाता एका शब्दाकडे लक्ष वेधतो. मराठीत 'मुलकी' म्हणजे लष्करी नव्हे ते, नागरी. हैदराबाद संस्थानात मात्र 'मुलकी' म्हणजे या मुलखातला, स्थानिक. बाहेरचा तो 'गैरमुलकी'. १९४८ नंतर इथे आलेले बरेचसे मुलकी अधिकारी स्थानिकांच्या भाषेत गैरमुलकी होते. अशा अधिकाऱ्याला कायदा माहीत असतो, पण गाव माहीत व्हायला वेळ लागतो.

पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटे

१६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादमधून लातूर हा वेगळा जिल्हा झाला. अकरा वर्षांनी, गणेश विसर्जनाच्या रात्री, लोक दमून घरांत झोपले होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटांनी सुमारे ६.२ महत्तेचा भूकंप झाला. केंद्र उथळ होते आणि औसा तालुक्यातील किल्लारीजवळ होते. हे गाव उमरग्याच्या उत्तरेला, म्हणजे १९४८ च्या त्या रस्त्यापासून फार दूर नाही. अधिकृत आकड्यानुसार ७,९२८ माणसे मेली. काही नोंदींत हा आकडा साडेनऊ हजारांच्या पुढे जातो.

इतक्या महत्तेच्या भूकंपात इतके मृत्यू का झाले, याचे उत्तर घरांच्या रचनेत आहे. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर लाकडी तुळयांवर मातीचे माळवद, हे इथले पारंपरिक घर. उन्हाळ्यात ते थंड राहते. दरवर्षी माळवदावर मातीचा नवा थर चढतो आणि वजन वाढत जाते. वर्गात करता येईल असा हिशेब पाहा. तीन मीटर रुंद आणि चार मीटर लांब खोलीवर अर्धा मीटर जाडीची माती असेल तर ती सहा घनमीटर भरते. एक घनमीटर मातीचे वजन सुमारे १.६ टन धरले तर झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर साडेनऊ टनांहून अधिक भार होता. एका घमेल्यात १५ किलो माती मावते असे धरल्यास फक्त या एका खोलीचे छप्पर उपसायला साडेसहाशेच्या आसपास घमेली लागतात. भिंतींचे दगड वेगळेच. सिमेंट काँक्रीटची इमारत पडते तेव्हा स्लॅबखाली कुठेतरी पोकळी राहते आणि माणूस काही दिवसही तग धरू शकतो. माती मात्र सगळीकडे भरते आणि श्वास कोंडतो. म्हणजे इथे वेळ दिवसांत मोजायची नव्हती, मिनिटांत आणि तासांत मोजायची होती.

आता नकाशा पाहा. लातूर किंवा नांदेड येथे मोठी लष्करी छावणी नाही. जवळच्या छावण्या म्हणजे त्या वेळचे औरंगाबाद आणि अहमदनगर, तसेच सिकंदराबाद आणि पुणे. कोणतीही तुकडी कितीही तत्परतेने निघाली तरी तिला काही तास लागणारच. ढिगाऱ्यातून जिवंत निघालेली बहुतेक माणसे शेजाऱ्यांनी आणि नातेवाइकांनी काढली, हे जगातल्या जवळजवळ सर्वच भूकंपांत दिसते आणि इथेही तेच झाले. विसर्जनाच्या बंदोबस्तामुळे पोलीस जागे होते, हाही एक योग. लातूरहून किल्लारी सुमारे ४० किलोमीटर. जिल्हाधिकारी प्रवीण परदेशी आणि जिल्ह्याची यंत्रणा सकाळीच कामाला लागली, आणि मुख्यमंत्री शरद पवार त्याच दिवशी भूकंपग्रस्त भागात पोचले.

लष्कर आले ते या उभ्या असलेल्या यंत्रणेच्या मदतीला. १९४८ शी असलेला फरक इथे आहे. पहिली लष्करी मोहीम होती आणि दुसरे मदतकार्य, त्यामुळे दोन्हींची सरसकट तुलना करता येणार नाही. पण दुसऱ्या वेळी हुकूम कोणाचा हे सर्वांना माहीत होते. राज्य राखीव पोलीस आणि जवान यांनी ढिगारे उपसले, मृतदेह बाहेर काढले आणि सामुदायिक अंत्यसंस्कार केले. लगोलग पाऊस सुरू झाला. ओल्या लाकडांवर चिता पेटेनात, चिखलात गाड्या रुतू लागल्या. जखमींना लातूर, उमरगा आणि सोलापूर येथील रुग्णालयांत हलवावे लागले. कोणत्या गावाला आधी जायचे, कोणता रस्ता मोकळा ठेवायचा, कोणाचा मृतदेह कोणाच्या ताब्यात द्यायचा, हे ठरवणे मुलकी अधिकाऱ्यांचे काम होते.

अडचणी आल्या त्या दोघांच्या मधल्या जागेत. पाहायला येणाऱ्यांच्या गर्दीने रस्ते तुंबले आणि मदतीच्या गाड्या अडकल्या. देशभरातून संस्था आल्या, सामान आले. पण कोणत्या गावाला काय हवे याची यादी तयार होईपर्यंत एका गावात ढीग पडले आणि दुसऱ्या गावात काही पोचले नाही. जवान ढिगारा उपसू शकतो. यादी करणे हे तलाठी, ग्रामसेवक आणि शिक्षक यांचे काम. त्यांच्यापैकी अनेकांची स्वतःची घरे पडली होती. शिधापत्रिकांची यादी, मतदार यादी, सात-बारा आणि शाळेचा पट या साध्या कागदांवरच पुढे मदत, वारसनोंद आणि घरवाटप अवलंबून असते.

लष्कराचे काम काही आठवड्यांत संपते. त्यानंतरचे काम वर्षानुवर्षे चालले. जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्याने भूकंप पुनर्वसन प्रकल्प हाती घेतला. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली आणि तेरा जिल्ह्यांत सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण झाले. भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले. पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने नळदुर्गजवळ अनाथ मुलांसाठी 'आपलं घर' उभे राहिले. दुरुस्तीच्या कामात गावोगावच्या स्त्रियांनी सरकार आणि ग्रामस्थ यांच्यातला दुवा म्हणून काम केले. नवी गावे शहरी आखणीची आणि ऐसपैस झाली. गल्ली, वाडा आणि गोठा यांचे जुने नाते त्यात हरवले, अशी टीकाही झाली. ती टीका ऐकून घेऊ शकेल असे कार्यालय गावापाशी होते, हेही महत्त्वाचे.

नियम काय सांगतो?

लष्कराने मुलकी सत्तेला मदत करण्याचे नियम आपल्याकडे जुने आहेत. दंगल आटोक्यात येत नसेल तर कार्यकारी दंडाधिकारी लष्कराला पाचारण करू शकतो, ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत होती आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. नैसर्गिक आपत्तीतील मदतीसाठी केंद्र सरकारच्या १९७० च्या सूचना आहेत. त्यांचा आशय थोडक्यात असा : मागणी मुलकी अधिकाऱ्याने करायची, काय हवे ते त्याने सांगायचे, ते कसे करायचे हे लष्करी अधिकाऱ्याने ठरवायचे, जवान आपल्याच अधिकाऱ्याच्या हुकमात राहतात, आणि गरज संपताच लष्कराला मोकळे करायचे. एरवी ही मागणी राज्य सरकारमार्फत जाते, पण तातडीच्या वेळी जिल्हाधिकारी जवळच्या लष्करी ठाण्याला थेट विनंती करू शकतो.

'किती जवान पाठवा' असे न मागता 'कोणते काम करायचे आहे' ते सांगायचे, हा यातला मर्म. 'पाचशे जवान हवेत' या मागणीला काही अर्थ नाही. 'अमुक ओढ्यावरचा पूल वाहून गेला आहे, पलीकडच्या तीन गावांत जखमी आहेत' या मागणीला आहे. पण असे सांगायला आधी कोणाला तरी ते माहीत असावे लागते.

१९९३ मध्ये आपत्तीसाठी वेगळा कायदा नव्हता, वेगळे दलही नव्हते. लातूर परिसर भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या विभागात गणला जात होता. ऑक्टोबर १९९२ मध्ये किल्लारी परिसरात लहान धक्क्यांची मालिका झाली होती, तरीही पूर्वतयारी अशी नव्हती. भूकंपानंतर महाराष्ट्राने राज्याचा आणि जिल्ह्याजिल्ह्यांचा आपत्ती आराखडा तयार केला. देशाचा आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ मध्ये आला. त्यानुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष असतात. २००६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले. त्याची एक बटालियन पुण्याजवळ आहे. २०१६ मध्ये राज्याचे स्वतःचे दल आले. लष्कराच्या आधी जाणारे हात आता आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुक्यात अतिवृष्टीने गावे पाण्यात गेली, तेव्हा राज्याच्या दलाने सुटकेचे काम केले आणि छत्रपती संभाजीनगरहून लष्कराची तुकडीही बोलावली गेली.

मात्र पुण्याहून किंवा संभाजीनगरहून मुखेडला पोचायला लागणारा वेळ कायद्याने कमी होत नाही. २०२४ मध्ये मार्च आणि जुलै महिन्यांत हिंगोली-नांदेड भागाला ४.५ महत्तेचे धक्के बसले. २००७ नंतर नांदेड शहराखाली बारीक धक्क्यांची मालिका होऊन गेली. मोठा भूकंप कधी होईल हे आज कोणतेही शास्त्र सांगू शकत नाही. तो झाला तर पहिले काही तास गाव एकटे असेल, हे मात्र सांगता येते.

शाळेत काय करता येईल?

आठवी-नववीच्या मुलांना घेऊन एका सत्रात हे करून पाहावे. गावाचा मोठा नकाशा काढा. त्यावर प्रत्येक घर, त्यात रात्री साधारण किती माणसे झोपतात, म्हातारी आणि अंथरुणाला खिळलेली माणसे कुठे आहेत, माळवदाची घरे किती, विहिरी आणि हातपंप कुठे, ट्रक कुठल्या गल्लीपर्यंत येऊ शकतो, हेलिकॉप्टर उतरेल एवढी मोकळी जागा कोणती, हे नोंदवा. एका माळवदाची जाडी मोजून वर दिलेला हिशेब मुलांकडून करून घ्या. पावसाळ्यात पाणी कुठे चढते ते वडीलधाऱ्यांना विचारा. मोठ्या मुलांनी विचारलेच तर पोलीस ॲक्शनच्या दिवसांविषयीही बोलावे. ज्या घरांत त्या आठवणी दुखऱ्या आहेत तिथे जपून, पण टाळू नये.

नकाशाच्या तीन प्रती करा. एक शाळेत ठेवा, एक तलाठ्याला द्या आणि एक तहसील कचेरीत पोचवा, कारण शाळाच पडली तर शाळेतली प्रत उपयोगाची नाही. दरवर्षी सप्टेंबरात, या दोन तारखांच्या मधल्या तेरा दिवसांत, तो नकाशा नवा करावा. उद्या कोणतीही तुकडी गावात आली तर तिचा अधिकारी पहिला प्रश्न विचारील : 'माणसे कुठे आहेत?' त्याचे उत्तर गावातल्या कोणाच्या तरी हातात कागदावर तयार असावे.